मधले नाव : सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

वसतिगृहात रोज रात्रीच्या जेवणानंतर हजेरी होते. अधीक्षक वही उघडतात आणि एकेका मुलाचे पूर्ण नाव पुकारतात : मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. जून महिन्यात पाचवीला नव्याने आलेली मुले या वेळी हमखास गप्प होतात. दिवसभर खेळण्यात, भांडण्यात घर विसरलेले असते. पण वडिलांचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की गाव, घर, अंगण, सगळे एकदम डोळ्यांपुढे येते. एवढी वर्षे हे पाहत आलो, तरी त्या क्षणी आमचाही आवाज किंचित खाली येतो.

हीच मुले चौदा एप्रिलला व्यासपीठावर उभी राहतात आणि भीमराव रामजी आंबेडकर हे नाव एका श्वासात म्हणतात. भीमराव ठसक्यात येते, आंबेडकर त्याहून ठसक्यात येते. मधले रामजी मात्र घाईत अर्धे गिळले जाते. दोष मुलांचा नाही. आम्ही मोठ्यांनीही त्या मधल्या नावापाशी फारसे थांबून पाहिलेले नाही. विद्यालयाच्या या स्मरणिकेत लिहिण्याची संधी मिळाली, तेव्हा तिथेच थांबावे असे आम्ही ठरवले. ही स्मरणिका आपले माजी विद्यार्थी वाचतील, त्यांचे आईवडील वाचतील. ज्यांनी आपले मूल दूर ठेवून शिकवले, त्यांच्यासाठी रामजीबाबांचे चरित्र हे परक्याचे चरित्र नाही.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, त्यामुळे आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. थोरांच्या आईवडिलांभोवती भविष्यवाण्यांच्या आणि आशीर्वादांच्या कथा गोळा होतात. रामजीबाबांच्या बाबतीतही तशा कथा आहेत. त्या आम्ही येथे घेतलेल्या नाहीत. स्वतः बाबासाहेबांनी आपल्या बालपणाविषयी जे लिहून ठेवले आणि चरित्रकारांनी जे नोंदवले, तेवढ्यावरच हे लेखन उभे आहे. तेवढे पुरेसे आहे. त्याला चमत्काराची जोड लागत नाही.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. या गावाच्या नावावरूनच पुढे घराण्याला आंबडवेकर आणि त्यातून आंबेडकर हे आडनाव लाभले. मूळचे सकपाळ. वडील मालोजी लष्करात होते आणि रामजींनीही तीच वाट धरली. कोकणातल्या महार समाजासाठी त्या काळात लष्कराची चाकरी म्हणजे पोट भरण्याचे साधन तर होतेच. पण गावगाड्याच्या वेठीतून बाहेर पडण्याचा तो जवळजवळ एकमेव दरवाजाही होता. गावात ज्याची सावली चालत नसे, तो छावणीत गणवेश घालून, खांद्यावर बंदूक घेऊन ताठ उभा राहत असे.

या दरवाजातून आत गेल्यावर आणखी एक गोष्ट मिळत होती, आणि ती बंदुकीपेक्षा मोलाची ठरली. लष्करात शिक्षण सक्तीचे होते. शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा असत आणि त्या शाळांना शिक्षक लागत. रामजींनी पुण्याला लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले, पुढे लष्करी शाळेत शिक्षक झाले आणि सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार हा त्यांचा हुद्दा आपण सारे जाणतो. ते मुख्याध्यापक होते, ही गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. ज्या काळात महाराच्या मुलाला गावच्या शाळेच्या ओट्यावर बसू देत नसत, त्या काळात एक महार गृहस्थ शाळेचा कारभार पाहत होता, हजेरी घेत होता, गणिते तपासत होता. शिक्षक म्हणून आम्हांला या गोष्टीचा अभिमान वाटतो, हे लपवण्याचे कारण नाही.

रामजींचा विवाह ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या भीमाबाईंशी झाला. त्यांचे वडील धर्मा मुरबाडकर हेही लष्करात सुभेदार होते. सधन आणि नावाजलेले घर होते ते. रामजी व भीमाबाईंना चौदा अपत्ये झाली. त्यांतली बहुतेक बालपणीच गेली. आज आकडा म्हणून चौदा वाचून आपण पुढे जातो. पण त्या घरात किती वेळा पाळणा बांधला गेला आणि किती वेळा सोडला गेला, याचा विचार केला की भीमाईच्या आणि रामजीबाबांच्या सोसण्याची थोडी कल्पना येते. मध्य भारतात इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्मले. ते भीमराव.

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, लष्करात महारांची भरती बंद झाली. ज्या समाजाच्या शिपायांनी कंपनी सरकारच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले, त्या समाजाला सरकारने एका हुकमाने दाराबाहेर काढले. या हुकमाने पगार गेला, निवृत्तिवेतनाची आशा गेली, आणि सक्तीची शाळाही गेली. नोकरी गेली तर एका पिढीचे नुकसान होते. शाळा गेली तर पुढच्या सगळ्यांचे होते. याविरुद्ध समाजातील जाणत्या मंडळींनी सरकारकडे दाद मागितली. कोकणात गोपाळबाबा वलंगकरांनी अर्जविनंत्यांची ही चळवळ उभी केली होती. रामजींचाही यात हात होता. या हुकमाविरुद्ध सरकारला पाठवलेल्या एका अर्जाची प्रत बाबासाहेबांना पुढे वडिलांच्या जुन्या कागदपत्रांत सापडली. चौकशी केली तेव्हा कळले की तो अर्ज न्यायमूर्ती रानडे यांनी तयार करून दिला होता. हुकूम काही फिरला नाही. पण तो कागद रामजींनी फेकून दिला नाही. हरलेल्या लढाईचे कागद जपून ठेवणारा बाप ज्या घरात असतो, त्या घरातला मुलगा पुढे कायद्याच्या कागदाची ताकद ओळखतो, यात आम्हांला नवल वाटत नाही.

लष्करातून निवृत्त झाल्यावर रामजी कुटुंबासह दापोलीला आले. थोड्या वर्षांनी साताऱ्याला सरकारी बांधकाम खात्यात काम मिळाले म्हणून बिऱ्हाड साताऱ्याला हलले. साताऱ्यातच १८९६ च्या सुमारास भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. रामजींच्या आयुष्याचा खरा कसोटीचा काळ येथून सुरू झाला. शिपाई म्हणून, शिक्षक म्हणून त्यांनी जे केले ते शिस्तीच्या चौकटीत केले होते. आता चौकट नव्हती. घरात लहान मुले होती. थोरली मुलगी वारली होती, तिचे दोन मुलगे आजोळी आले होते. आणि घर सांभाळायला होती रामजींची बहीण, मीराबाई. बाबासाहेबांनी आपल्या या आत्याविषयी फार मायेने लिहिले आहे. ती ठेंगणी होती, पायांनी अधू होती, कोणाच्या आधाराशिवाय तिला हलता येत नसे, पुष्कळदा उचलून न्यावे लागे. तिच्याइतकी मायाळू बाई नव्हती; पण चुलीपाशी तिचा उपयोग नव्हता. म्हणजे ती मुलांना सांभाळत होती आणि मुले तिला सांभाळत होती. या सगळ्यांचा पोशिंदा एकटा रामजी.

साताऱ्यात भीमरावांच्या वाट्याला जे आले ते आपल्याला पाठ आहे. वर्गात वेगळे बसण्यासाठी घरून आणलेले गोणपाट, शाळेचा शिपाई असेल तरच मिळणारे पाणी, केस कापायला न्हावी तयार नसल्याने ते काम करणारी थोरली बहीण. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, आपल्या विद्यालयातही होतो. त्या दिवशी मुलाचे नाव शाळेत घालणारा बाप हा स्वतः निवृत्त मुख्याध्यापक होता. शाळा म्हणजे काय आणि तिच्या दाराबाहेर राहणे म्हणजे काय, हे त्याला जितके कळत होते तितके क्वचितच कोणाला कळत असेल. तरीही गोणपाट मुलाच्या काखेत देऊन त्याने मुलाला पाठवले. अपमान होईल म्हणून शाळा चुकवू दिली नाही.

याच सुमाराला दुष्काळ पडला. खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. रामजींना तेथे खजिनदाराची नोकरी मिळाली. मुले आणि आत्या साताऱ्याला राहिली. चौघे मुलगे शाळेत जात आणि घरी येऊन आपणच रांधत. भाकरी त्यांना जमत नसे. म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करीत, कारण तोच सोपा. आज आपल्या भोजनगृहात शंभर मुलांच्या पंगतीत वाढताना आम्हांला ही चार मुलांची चूल अनेकदा आठवते.

पैशाची जबाबदारी अंगावर असल्याने रामजींना जागा सोडून येता येईना. म्हणून १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांनाच गोरेगावला बोलावले. प्रवास कसा करायचा ते सविस्तर लिहून कळवले. निघण्याचा दिवस कळवा, स्टेशनावर माणूस पाठवतो, असेही लिहिले. मुलांसाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे झाली. पहिलाच आगगाडीचा प्रवास. मुले मसूर स्टेशनावर उतरली आणि वाट पाहत राहिली. कोणीच आले नाही. पुढची हकीकत बाबासाहेबांनी जगाला सांगितली आहे : जात कळताच मागे सरलेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे देऊनही गाडी हाकायला तयार नसलेले गाडीवान, अखेर मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या बोलीवर ठरलेली गाडी, अंधारातला तो प्रवास, डबा भरलेला असूनही घोटभर पाण्यावाचून उपाशी काढलेली रात्र, टोलनाक्यावरचा नकार. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मुले कशीबशी गोरेगावला पोहोचली. त्यांना पाहून रामजी चकित झाले. मुलांचे पत्र आले होते, पण नोकराने ते त्यांच्या हाती दिलेच नव्हते.

या प्रसंगाकडे आपण नेहमी नऊ वर्षांच्या भीमाच्या बाजूने पाहतो, आणि तसेच पाहिले पाहिजे. पण एकदा बापाच्या बाजूनेही पाहावे. या माणसाने सगळी तजवीज केली होती. वाट लिहून दिली होती, कपडे केले होते, माणूस पाठवायचे ठरवले होते. बापाने करायचे ते सारे केले. तरीही एक पत्र राहिले आणि त्याच्या लेकरांना या देशाने त्यांची जागा दाखवून दिली. बापाने घेतलेली काळजी जातीपुढे पुरी पडत नाही, हे रामजींना त्या दुपारी कळले असेल. ते त्या वेळी काय बोलले, ते लिहिलेले नाही. धुळीने माखलेल्या चार मुलांपुढे ते उभे राहिले असतील, एवढे आपण समजू शकतो.

रामजीबाबा निर्दोष होते असे दाखवण्याचा आमचा हेतू नाही. भीमाबाईंच्या मागे त्यांनी दुसरा विवाह केला. मोडलेले घर उभे करण्यासाठी तो केला असेल. पण आईच्या जागी दुसरी बाई आलेली लहान भीमाला रुचली नाही. वडिलांवर रुसून, त्यांच्यावर अवलंबून राहायचे नाही असे ठरवून, मुंबईला पळून जावे आणि गिरणीत काम धरावे असे त्याच्या मनाने घेतले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी चोरण्याचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली तर तिच्यात निघाला फक्त अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने मुलाला लाज आणली. पळून जाण्याचा विचार त्याने सोडला आणि अभ्यास करून लवकर स्वतःच्या पायांवर उभे राहायचे ठरवले. हे बाबासाहेबांनी स्वतःच सांगितले आहे. आमच्या वसतिगृहातूनही मुले पळून जातात, बसस्थानकावर सापडतात. अशा मुलाला परत आणले की आम्ही त्याला मारत नाही, ही गोष्ट सांगतो. आणि त्याच्या वडिलांनाही सांगतो. मुलाचा राग धरू नका, इतकेच त्यांना सुचवायचे असते.

रामजी कबीरपंथी होते. घरात संध्याकाळी भजन होई, ग्रंथवाचन होई, आणि त्यातून कोणाला सुटका नसे. रामायण, महाभारत मुलांनी वाचावे असा त्यांचा आग्रह होता. भीमरावांनी एकदा विचारले, ज्या ग्रंथांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना कमी लेखले आहे ते आपण का वाचायचे? वडिलांचे म्हणणे असे होते की अस्पृश्य म्हणून जन्मल्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढे चढले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे वाचून तो गंड जावा. मुलाला हे उत्तर पटले नाही. महाभारतातली कोणतीच थोर व्यक्ती त्याच्या मनात भरली नाही. या ठिकाणी आम्ही मुलाच्या बाजूचे आहोत, हे सांगायला नको. पण बापाची काळजी कशाची होती ते पाहावे. पोर मनाने खचू नये, एवढीच ती काळजी होती. औषध चुकीचे असेल. रोग त्याने बरोबर ओळखला होता. आणि दुसरे असे की, प्रश्न विचारला म्हणून त्याने मुलाला गप्प बसवले नाही, उत्तर दिले. ज्या घरात बापाला प्रश्न विचारता येतो, त्या घरातूनच पुढे धर्मग्रंथांना प्रश्न विचारणारा निघतो.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली. तीच स्वयंपाकाची, तीच निजण्याची, तीच अभ्यासाची. सगळ्यांना एका वेळी पाय पसरायला जागा नव्हती. उशाशी जाते, पायथ्याशी बांधलेली शेळी, धूर आणि चाळीचा गलबला. या खोलीत रामजींनी एक वेळापत्रक घातले. भीमाने लवकर निजायचे. आपण स्वतः जागे राहायचे. पहाटे दोन वाजता भीमाला उठवायचे, दिवा त्याच्या स्वाधीन करायचा आणि मग आपण आडवे व्हायचे. म्हणजे झोपायची जागा एक, दिवा एक; बापाने रात्रीचे दोन भाग केले आणि शांततेचा भाग मुलाला दिला.

आमच्या मते रामजीबाबांच्या आयुष्याचे सार या दोन वाजण्यात आहे. महूच्या छावणीतली त्यांची शाळा केव्हाच सुटली होती. नव्या भरतीला बंदी होती, म्हणजे समाजाच्या मुलांसाठी तशी शाळा पुन्हा भरणारही नव्हती. तेव्हा या मुख्याध्यापकाने आपली शाळा एका खोलीत भरवली. पटावर एकच विद्यार्थी, आणि शाळेची घंटा म्हणजे ते स्वतः. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांनी मुलाकडून घोटून घेतली होती, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या होत्या. बाबासाहेबांच्या इंग्रजीची आज जगभर वाखाणणी होते. त्या इंग्रजीचा पाया एका लष्करी मास्तराने घातला, हे आपल्या इंग्रजीला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी सांगतो.

भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होते आणि अवांतर वाचनाची भूक वाढत होती. नवे पुस्तक हवे असे मुलाने म्हणावे आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बापाने ते आणावे, असे चालले होते. पैसे नसले की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात. एकीकडे नाही मिळाले तर दुसरीकडे. लेकीच्या अंगावरचा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवीत, पुस्तक आणीत. वेतन हाती आले की दागिना सोडवून लेकीला परत करीत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही बापाला विचारावे, लेकीच्या दारी हात पसरणे काय असते ते. देण्याची रीत आहे, घेण्याची नाही. रामजींनी ती रीत पुस्तकापायी मोडली. आणि त्या बहिणींचेही स्मरण केले पाहिजे. शाळेचे तोंड जिने धड पाहिले नाही अशा बहिणीचा दागिना भावाच्या पुस्तकासाठी किती वेळा सावकाराच्या पेटीत जाऊन आला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे ही त्या काळी सभा भरवण्याजोगी घटना होती. वस्तीतल्या लोकांनी सत्काराचे ठरवले. रामजी आधी राजी नव्हते. एवढ्याशा गोष्टीचा गाजावाजा झाला तर मुलगा शेफारेल, आपण पुढारी झालो असे त्याला वाटू लागेल, असे त्यांचे मत. अखेर त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी गळ घातली तेव्हा ते तयार झाले. सत्यशोधक विचारांचे सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. रामजी नाहीच म्हणून अडून बसले असते तर काय झाले असते, असा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारू नये. तरीही तो मनात येतो. कबीराच्या घरात त्या दिवशी बुद्ध आला, आणि दार उघडताना थोडे कुरकुरत का होईना, पण ते रामजींनीच उघडले.

पुढे कॉलेजचा खर्च रामजींच्या आवाक्याबाहेर गेला. केळुसकर गुरुजींच्या प्रयत्नाने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव बी. ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. रामजींच्या मनातून मुलाने तिकडे जाऊ नये असे होते. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार बडोद्याला पोहोचली. भीमराव निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी बर्फी घ्यावी म्हणून उतरले, आणि गाडी निघून गेली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. एकेकाळी मसूरच्या स्टेशनावर मुले बापाची वाट पाहत होती. आता बाप मृत्युशय्येवर मुलाची वाट पाहत होता. भीमराव आले. रामजींच्या नजरेने त्यांना शोधले, थकलेला हात मुलाच्या पाठीवरून फिरला, आणि त्यांनी प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३ हा होता.

त्याच वर्षी भीमराव बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. रामजींनी त्यातले काहीच पाहिले नाही. मुलाच्या परदेशातल्या पदव्या पाहिल्या नाहीत, महाडचे पाणी पाहिले नाही, संविधान पाहिले नाही, नागपूरची दीक्षा पाहिली नाही. पेरले त्याने आणि पीक त्याच्या डोळ्यांना दिसले नाही. पण मुलगा विसरला नाही. १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची आणि दाखवलेल्या दृष्टीची कृतज्ञता त्यात नोंदवली. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असे ते सांगत. त्यांतला कबीर त्यांना कोणत्या विद्यापीठात भेटला नव्हता. तो परळच्या खोलीत, संध्याकाळच्या भजनात, बापाच्या आवाजात भेटला होता.

शेवटी एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही दुसऱ्या एका वसतिगृहावर होतो. पालकांच्या भेटीचा वार रविवार. एका गुरुवारी रात्री उशिरा एक ऊसतोड करणारे गृहस्थ मुलाला भेटायला आले. नियमावर बोट ठेवून आम्ही त्यांना सकाळी या म्हटले. रात्रभर ते फाटकापाशी बसून होते. सकाळी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी एक पिशवी आमच्या हाती दिली. तिच्यात कंपासपेटी आणि चार वह्या होत्या. टोळीची गाडी निघायची आहे, पोराला देऊन टाका, एवढे सांगून ते गेले. मुलाची भेट झालीच नाही. आम्ही मुलाला पिशवी दिली. फाटकाची गोष्ट सांगण्याचे धैर्य झाले नाही. पुढे रामजीबाबांचे चरित्र नीट वाचले, तेव्हा तो माणूस कोण होता ते आम्हांला उमगले. तेव्हापासून आमच्यापुरता तो नियम आम्ही पाळलेला नाही.

या स्मरणिकेत विद्यालयाच्या यशाची छायाचित्रे असतील, निकालाचे आकडे असतील, अधिकारी झालेल्या, डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्यांची नावे असतील. ती असावीतच. आमची माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे की त्यांनी आपले पूर्ण नाव एकदा सावकाश वाचावे आणि मधल्या नावापाशी थांबावे. त्या नावाने तुमच्यासाठी किती रात्रींचे दोन भाग केले, हे तुम्हांलाच ठाऊक. ज्यांचे ते माणूस हयात आहे त्यांनी घरी जावे. वाटेत मिठाईसाठी उतरू नये, आधी पोहोचावे. आणि ज्यांच्या घरी बापाच्या जागी आई, आत्या, आजी किंवा बहीण उभी राहिली, त्यांनी ते नाव मनात घालून वाचावे. हजेरीच्या वहीत ते नसले तरी.

सुभेदार रामजीबाबा आणि माता भीमाई यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम. नमो बुद्धाय.